तुटलेल्या लिंक्स: शून्य

सोमवार, १९ मे. सकाळी ९.४०. मुरुम, पेंडीच्या दुकानावरची खोली (म्हणजे ऑफिस).

ही वही कामाची आहे. तारीख, वेळ, घटना, निष्कर्ष. भावना लिहायच्या नाहीत.

आजपासून शेळीपालक संघाचं सगळं तांत्रिक काम माझ्याकडे. पुण्याची नोकरी मी सोडली. कंपनीनंही त्याच आठवड्यात तसंच ठरवलं, हा योगायोग.

व्यवस्था अशी. संघाची सगळी माहिती एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिली जाते. लाइटवेट मार्कअप: ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या, लिंक द्यायची तर चौकोनी कंसात दिसायचे शब्द आणि त्याला चिकटून गोल कंसात पत्ता. कुणालाही दहा मिनिटांत शिकवता येतं. ही एकच फाइल तीन ठिकाणी जाते. धाराशिवला रणधीर सांभाळतो ती वेबसाइट, पुण्याहून शिवांजली सांभाळते ते मोबाइल ॲप, आणि संघाचे सचिव बब्रुवानकाका ज्यातून सभासदांना मेसेज पाठवतात ते सॉफ्टवेअर. तिन्हींचे पार्सर, म्हणजे ती चिन्हं वाचून अर्थ लावणारे प्रोग्रॅम, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी लिहिलेत.

तातडीचं काम एकच. आंत्रविषाराची लस घेऊन संघाच्या गाड्या १० जूनला गावोगाव जाणार. ५ जूनला संध्याकाळी ६ पर्यंत ज्या गावच्या किमान १०० शेळ्या नोंदल्या जातील, त्याच गावात गाडी. पावसाचं कोवळं गवत भरपूर खाल्लं की हा रोग होतो, म्हणून ते वर यायच्या आत लस हवी. गेल्या वर्षी आमच्या पिंपळवाडी (बु.)ला गाडी आली नाही. सखूआत्याची सहा करडं दोन दिवसांत गेली. यंदा तिच्याकडे ३४ शेळ्या आहेत.

मी आत्याकडेच राहते. त्याचा कामाशी संबंध नाही.

मंगळवार, २० मे. ११.१५.

दोष सापडला. पिंपळवाडी (बु.) आणि ओढ्यापलीकडची पिंपळवाडी (खु.), दोन्हींच्या नोंदणीची लिंक तुटलेली.

कारण: कंस. आमच्याकडे एका नावाची तीन-चार गावं असतात, म्हणून पुढं कंस लावतात. सातबाऱ्यावर, लग्नपत्रिकेवर, एसटीच्या पाटीवर. संघात कुणीतरी लिंकच्या पत्त्यातही तो भक्तिभावानं लावलाय. आता गोल कंसातल्या पत्त्यात आणखी एक गोल कंस. पत्ता कुठं संपला?

वेबसाइट म्हणते, पहिला बंद कंस आला तिथं. म्हणजे अर्धा पत्ता. पान सापडत नाही.
ॲप म्हणतं, ही लिंकच नव्हे. सगळी चिन्हं उघडी पडतात.
मेसेजचं सॉफ्टवेअर पुढचे "त्वरा करा" हे शब्दही पत्त्यात ओढून घेतं.

तिघांपैकी चूक कुणाची, हे सांगता येत नाही. बरोबर काय ते कुठंच लिहिलेलं नाही.

रणधीरला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, पत्त्यातला कंस काढून टाका की. दहा मिन्टाचं काम हाय." मी सांगितलं की दोष पत्त्यात नाही, वाचणाऱ्यात आहे. आज कंस काढला तर उद्या दुसरं चिन्ह येईल. तो म्हणाला, "बरं. लोकांचे फोन यायलेत, लिंक उघडंना म्हणून. मी कागदावर नावं लिहून घ्यायलोय. ते चालू ठिऊ का?"

तात्पुरतं चालू ठेवा म्हटलं. कागद. या काळात.

निश्चय: मुळापासून दुरुस्ती. सोळा दिवस आहेत. सात पुरतील.

गुरुवार, २२ मे. सायंकाळी ७.

"एकसूत्र नियमावली" लिहायला घेतली. लिंक म्हणजे काय, कुठं सुरू होते, कुठं संपते, कंसात कंस आला तर काय, पत्त्यात मोकळी जागा आली तर काय. ११ कलमं झाली. शुद्ध, नेमकी भाषा. तिघांनी हे पाळलं की प्रश्न कायमचा संपला.

घरी आत्यानं सांगितलं की तिनं रणधीरला फोन करून ३४ शेळ्या सांगून टाकल्या, बोकड धरून. मी म्हटलं, थोडं थांबायला हवं होतं. योग्य पद्धत येतेय. ती म्हणाली, "शेळ्यांना थांबा म्हनून सांगू व्हय? म्हनावं आमची दीपा नियम लिवायली, तवर मरू नका."

चिडले नाही. नोंद म्हणून लिहिलं.

सोमवार, २६ मे. १२.३०.

ऑनलाइन मीटिंग. हजर: रणधीर, शिवांजली, बब्रुवानकाका (कॅमेरा छताकडे). नियमावली आता १९ पानं, ४१ कलमं.

शिवांजलीचं म्हणणं: त्यांचा पार्सर त्यांनी लिहिलेलाच नाही, आयता घेतलाय. त्यात हात घातला तर तोच वापरणाऱ्या बाकी अकरा गिऱ्हाइकांच्या लिंक्स तुटतील. "तुझं बरोबर आहे गं, पण तुझ्या बरोबरमुळं माझे अकराजण चुकतील."

रणधीरचं म्हणणं: वेबसाइटवर सात वर्षांची जुनी पानं आहेत. ती जुन्या चुकीवर उभी आहेत. चूक काढली की पानं पडणार.

बब्रुवानकाकांचं म्हणणं: "पोरी, मला तुझं कलम-बिलम कळत न्हाय. एकच सांग. शेळी टोचली जानार का न्हाय?"

मी म्हटलं, कलम २३ लागू झालं तर जाणार.

मीटिंग ५२ मिनिटं. पैकी ४४ मिनिटं मी बोलले. शेवटी कुणीच विरोध केला नाही. निष्कर्ष: एकमत.

बुधवार, २८ मे.

रणधीरला नियमावली पाठवली होती. त्यानं अंगठा पाठवला. कलम ३ नुसार अंगठा म्हणजे मान्यता समजावी. (कलम ३ आज घातलं.)

शिवांजलीनं पळवाट सुचवली. पत्त्यात कंसाऐवजी त्याचा सांकेतिक आकडा लिही: टक्क्याचं चिन्ह आणि अठ्ठावीस. तत्त्वतः मला पळवाटा मान्य नाहीत. तरी करून पाहिलं. ॲपमध्ये चाललं. वेबसाइटनं त्या आकड्याचंही पुन्हा सांकेतीकरण केलं आणि वेगळ्याच पानावर नेलं. मेसेजच्या सॉफ्टवेअरनं तो आकडा आहे तसा छापून ४३० सभासदांना पाठवला.

दुपारपर्यंत बब्रुवानकाकांना सतरा फोन. सगळ्यांचा एकच प्रश्न: अठ्ठावीस टक्के अनुदान शेळीवर हाय का शेडवर?

काका मला म्हणाले, "आता हे टक्के तूच निस्तर."

आठ दिवस उरले.

शुक्रवार, ३० मे. १०.०५.

पिंपळवाडी (बु.)ची कागदावरची नोंद ५२. माझ्या पद्धतीनं झालेली नोंद ०. हा आकडा अन्यायकारक आहे, कारण माझी पद्धत अजून सुरू झालेली नाही.

निर्णय. तिघे बदलणार नसतील तर त्यांना बदलायची गरजच नको. मी स्वतःचा पार्सर लिहिते. संघाची फाइल आधी माझ्याकडे येईल, मी प्रत्येक लिंकचा अर्थ लावीन, कंस वगैरे सगळं साफ करून तिघांना अगदी बाळबोध पत्ता देईन. कुणाला काही कळायचं कारण नाही.

प्रमाणित करायला तीन पार्सर होते, आता चार आहेत, असं रणधीर म्हणाला. त्याला आकडेमोड जमते, रचना कळत नाही.

रविवार, १ जून. दुपारी ३.

पार्सर पूर्ण. कलम १७ चा मला विशेष अभिमान (अभिमान नव्हे, समाधान) आहे. कलम १७: अर्थ संदिग्ध असल्यास कंस व कंसातील मजकूर गाळावा आणि प्रत्यक्ष अस्तित्वात असलेलं सर्वांत जवळचं पान उघडावं. म्हणजे लिंक कधी तुटणारच नाही. सभासदाला "पान सापडत नाही" हे वाक्य पुन्हा दिसणार नाही.

संघाच्या एकूण २१२ लिंक्स चालवून पाहिल्या. प्रत्येक उघडली. तुटलेल्या लिंक्स: शून्य.

तपासताना दिसलं की जिल्ह्यात पिंपळवाडी तिसरीही आहे. वाशी तालुक्यात, तेरखेड्याच्या पुढं, बिनकंसाची. तिथं शेळ्यांपेक्षा फटाक्यांचे कारखाने जास्त. कंसच नसल्यामुळं आपल्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही.

आत्यानं विचारलं, झालं का. झालं म्हटलं. "मंग आता गाडी येतीया?" येतेय म्हटलं.

सोमवार, २ जून. सायंकाळी ५.५०.

सकाळी ८ ला सुरू केलं. दिवसभरात एकही तक्रार नाही.

रणधीरचा फोन. "मॅडम, आज एक बी फोन आला न्हाई. कागद एकसष्टवर अडकलाय. लई गपगप वाटायलंय." मी सांगितलं, यालाच यश म्हणतात. लोक आता स्वतः नोंदणी करतायत. कागद बंद करा. त्यावरची नावं यंत्रात भरू नका, दुबार होतील.

त्यानं विचारलं, कागद फेकू का ठेवू? रेकॉर्ड म्हणून ठेवा म्हटलं. संग्रहालयात लागतो.

गुरुवार, ५ जून. ६.००, नोंदणी बंद.

पिंपळवाडी: २१४ शेळ्या. संपूर्ण जिल्ह्यात सर्वाधिक. शंभर हव्या होत्या.

यादीत खाली "पिंपळवाडी (बु.)" समोर ० आणि "पिंपळवाडी (खु.)" समोर ० दिसतं. पाच मिनिटं पाहत बसले. दोन्हींची बेरीज करून वरच्या ओळीत दाखवत असणार. बु.च्या साधारण १३०, खु.च्या ८४, जुळतं. हा केवळ दिसण्याचा दोष आहे आणि ती यादी रणधीरच्या कक्षेत येते.

त्याला विचारावं असं क्षणभर वाटलं. पण मग तो कागदाचा विषय काढेल.

आत्याला २१४ सांगितलं. ती म्हणाली, "आपल्याच पिंपळवाडीला न्हवं?" मी म्हटलं, शून्य तुटलेल्या लिंक्स आहेत. "म्या काय इचारलं आन तू काय सांगितलीस," असं म्हणून ती शेळ्यांना पाणी पाजायला गेली.

रविवार, ८ जून.

सकाळी जोराची सर. ओढ्याच्या काठानं हिरवं दिसायला लागलंय. आत्या दोनदा जाऊन बघून आली. परवाच गाडी आहे.

मी पूर्णपणे शांत आहे. यादी आज चार वेळा उघडली, ती सवय म्हणून.

मंगळवार, १० जून.

७.३०. गावच्या निंबाखाली सगळ्या शेळ्या आणल्या. खुर्दवालेही ओढा ओलांडून आपापल्या घेऊन आले. दोनशेवर शेळ्या, दोन गावं, एक निंब.

८.१५. गाडी नाही. वाहतूक असेल.

९.०५. गाडी नाही. वाहतूक नसते इथं.

९.४०. खुर्दच्या कडूबाई आत्याला म्हणाल्या, "तुमच्या पोरीनं लावलंय म्हनं मिशिनीत. आमचं खुर्द लावलंय का निस्तं बुद्रुकच?" आत्या म्हणाली, "सगळं लावलंय, लई शिकलीया ती." माझ्याकडे न बघता म्हणाली.

१०.२२. गाडीच्या चालकाचा, बलभीमचा फोन. "ताई, आमी पिंपळवाडीत सकाळधरनं हुबं हाव. हितं अकराच शेळ्या हायत. बाकीच्या दोनशे तीन कुठं हायत?"

मागून धडाड धूम असा आवाज येत होता. मी विचारलं, कसला आवाज. तो म्हणाला, "माल टेस्टिंग करायलेत. तेरखेड्याचा शेजार हाय न्हवं."

अंतर विचारलं. सव्वाशे किलोमीटर. आज यायला जमणार नाही, दुपारून भूम तालुक्यातली गावं आहेत.

१०.३०. निंबाखाली सांगितलं. नेमक्या शब्दांत सांगितलं. कडूबाई म्हणाल्या, "म्हंजी कंस बी तुमचाच, मिशिन बी तुमचीच, आन गाडी वाशीला."

शेळ्या परत नेताना ओढ्याकाठचं गवत सगळ्यांना दिसत होतं. शेळ्यांना आधी दिसलं. आत्या काठी आडवी धरून एकटी काठानं चालली. ३४ च्या ३४ आत आणून बांधल्या.

बुधवार, ११ जून. ९.००.

कारणमीमांसा.

मसुदा १: बाह्य घटक. (खोडला.)
मसुदा २: गावांच्या नामकरणातील विसंगती. (खोडला.)
मसुदा ३: कलम १७ नं (बु.) गाळलं, (खु.) गाळलं आणि सर्वांत जवळचं पान उघडलं. ते बिनकंसाच्या पिंपळवाडीचं होतं. बाकी तिन्ही पार्सरनी लिंक तोडली होती. तुटली म्हणून लोक फोन करत होते. माझी तुटली नाही. २१४ शेळ्या कुणाला शंका न येता सव्वाशे किलोमीटर गेल्या.

मसुदा ३ तसाच ठेवलाय.

बब्रुवानकाकांकडे गेले. ओरडतील असं वाटलं होतं, तशी तयारी होती. ते चहा ओतत म्हणाले, "दार मोडकं असलं तर मानूस भाइरनं हाक तरी मारतं. तू दार चांगलं उघडं ठिवलंस पोरी, पर दुसऱ्याच्या घरात."

शनिवारी गाडी एकदा मोकळी आहे. अट: उद्या संध्याकाळपर्यंत शंभर शेळ्यांची यादी, मालकांच्या सह्यांसहित. यंत्रातली चालणार नाही. हे "यंत्रातली" त्यांनी सावकाश म्हटलं.

तोवर शेळ्या चरायला सोडायच्या नाहीत. माझ्या खिडकीखाली ३४ शेळ्या बांधून आहेत आणि सगळ्या माझ्याकडे बघून ओरडतात. आत्या कडबा टाकायला मला पाठवते. कडबा संपत आलाय.

गुरुवार, १२ जून. सायंकाळी ६.

रणधीर पहिल्या एसटीनं धाराशिवहून आला. सोबत कागद. कागदावर ६१, ठळक अक्षरात, प्रत्येक नावापुढं फोन नंबर. घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता.

मी म्हटलं, सांभाळून ठेवलात. तो म्हणाला, "तुमीच म्हनलात न्हवं, संग्रहालयात लागतो."

एकोणचाळीस कमी. घरोघर गेलो. लोक सही करायच्या आधी विचारत: ह्यो कागद कुठल्या पिंपळवाडीला जानार? तिसऱ्या घरापासून रणधीर उत्तर देऊ लागला, कारण माझं उत्तर लांब होत होतं. एका म्हातारीनं अंगठा उठवला. कलम ३ आठवलं.

शंभरावी शेळी ४.२० ला. एकूण १३१. खुर्दच्या ८४ वेगळ्या पानावर. कडूबाईंनी स्वतः उभं राहून नाव लिहून घेतलं आणि कंस नीट घातलाय का ते तपासलं. काका दोन्ही पानं घेऊन गेले.

शनिवार, १४ जून. १.१५.

गाडी ७.५० ला आली. बलभीमनं उतरल्या उतरल्या विचारलं, "हीच न्हवं?"

लस झाली. बु. १३१, खु. ८४. आत्याच्या ३४. शेळी धरायला मी होते. एकीनं पायावर खूर दिला, पूर्ण वजनानिशी. डॉक्टर म्हणाले, लगेच सोडू नका, अजून दहा दिवस कोवळं गवत नको. दुसरा डोस २८ तारखेला.

म्हणजे आणखी दहा दिवस खिडकीखाली.

आत्यानं दुपारी भाकरीवर लोणी जास्त घातलं. कारण विचारलं नाही.

सोमवार, १६ जून. ११.१०.

मीटिंग ६ मिनिटं. मी एक मिनिटही बोलले नाही.

ठराव: माझा पार्सर बंद. २८ जूनच्या नोंदणीसाठी लिंक द्यायचीच नाही. मजकूर काकांनी सांगितला, मी टाइप केला: "दुसऱ्या डोसच्या नोंदणीसाठी दीपालीताईंना फोन करा." पुढं माझा नंबर. दहा आकडे. कंस नाही, चांदणी नाही.

तपासणी केली. वेबसाइट: बरोबर. ॲप: बरोबर. मेसेज: बरोबर. तिन्ही ठिकाणी तंतोतंत सारखं, बोट ठेवलं की लागतं. चार आठवडे हेच साधायचं होतं. शिवांजलीला तसं कळवलं. तिनं अंगठा पाठवला.

११.४०. एकोणीस फोन झाले. एका वेळी एकच घेता येतो. या पद्धतीच्या मर्यादेवर स्वतंत्र टिपण लिहायला हवं. वेळ मिळाला की लिहीन.

११.५२. विसावा फोन. बोलणारा म्हणाला, पिंपळवाडीहून बोलतोय, अकरा शेळ्या. मी विचारलं, कुठली पिंपळवाडी. तो म्हणाला, "तेरखेड्याकडली की वो ताई. मागच्या टायमाला अकरा शेळ्यांसाठी आख्खी गाडी आली, डाक्टरसकट. लई सोय झाली बगा. या बारीला बी तुमीच लावा."

नाव लिहून घेतलं. रणधीरसारखं, कागदावर. गाव: पिंपळवाडी (वाशी). कंस मी घातला.